गोठणगाव वितळवायचं नाही

गोठलेल्या राज्यांच्या गोष्टी मुलांसाठी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचा शेवट मला दुसऱ्या पानावरच कळतो. कुणीतरी दुष्टानं सगळं गोठवून टाकलेलं असतं. एक धीट मूल तिथं जाऊन पोचतं. शेवटी ऊन पडतं, बर्फ वितळतो, नद्या वाहू लागतात, सगळे नाचतात. थंडी हा शाप आणि वितळणं ही सुटका. मला हा शेवट पटत नाही, आणि तोच तो मुलांना सांगत राहणं तर अजिबात पटत नाही. पावसाळ्यात वर्गात सुरू केलेली माझी गोष्ट त्या न पटण्यातूनच निघाली. आता ती शेवटाजवळ आली आहे आणि पोरांनी मला तिथं असं काही धरून ठेवलंय, की ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं एका खेड्यातल्या मराठी शाळेत शिकवते. इथून रस्ता कणकुंबीवरून चोर्ला घाटात उतरतो आणि गोव्यात जातो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. पाऊस कसा असेल ते यावरून समजून घ्या. जुलै-ऑगस्टात आठवडे जातात, सूर्य दिसत नाही. पत्र्यावर सर कोसळायला लागली की मी फळ्यापाशी उभी राहून बोललेलं पहिल्या बाकालाही ऐकू जात नाही. मग तिसरी-चौथी-पाचवीची सगळी पोरं बाकं सोडून माझ्याभोवती खेटून बसतात. कोपऱ्यात ओल्या खोळींचा ढीग, त्यांचा ओल्या लोकरीचा वास, आणि खिडकीबाहेर नुसतं पांढरं. अशा वेळी अपूर्णांक शिकवून उपयोग नसतो. गोष्टच सांगावी लागते.

"बाई, बर्फाची सांगा," असं त्यांनीच मागितलं.

यातल्या एकाही मुलानं हिम पडताना पाहिलेलं नाही. त्यांचा बर्फ म्हणजे बाजारातला गोळा, वळवातल्या गारा, आणि गोव्याकडून येणाऱ्या मासळीच्या पेटीतला बांगड्याच्या वासाचा चुरा. मीही हिमालय पाहिलेला नाही. पण बर्फ मात्र मी लहानपणापासून रोज पाहिला, आणि तोही फार जवळून.

माझे आप्पा बेळगावात एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. दुपारी शाळा सुटली की आज्जीबरोबर त्यांचा डबा घेऊन मी तिथं जायची. दारातून आत शिरलं की आधी अमोनियाचा वास नाकात घुसायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. मधोमध जमिनीत बांधलेला लांबरुंद हौद आणि त्यावर लाकडी झाकणांच्या रांगा. आम्ही चालायचो ती जमीन म्हणजे ही झाकणंच. एखादं उचललं की खाली मिठाचं काळं पाणी, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडवलेले पत्र्याचे उंच डबे. डब्याच्या आत साधं पाणी, बाहेर मिठाचं. ते मिठाचं पाणी शून्याच्या खाली दहा अंशांच्या आसपास असतं, तरी गोठत नाही. त्याच्या गारव्यानं डब्यातलं साधं पाणी मात्र गोठत जातं. "खारं पाणी लई हट्टी," आप्पा म्हणायचे.

गोठणं कडेनं सुरू होतं. डब्याच्या चारी अंगांनी बर्फ आत आत सरकतो आणि सरकताना पाण्यातली हवा, क्षार, कचरा, सगळं मध्याकडं ढकलत नेतो. म्हणून लादीची कड नितळ असते आणि पोटात मात्र एक पांढरा, दुधी दांडा उरतो. अडकलेली हवा असते ती. लादी नितळ पाहिजे असेल तर डब्यात बारीक नळीनं बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे पाणी हलतं राहतं. आणि अगदी शेवटी, मधलं गढूळ पाणी गोठायच्या आत ते नळीनं ओढून काढायचं आणि त्या जागी चांगलं पाणी भरायचं. हे ओढून काढायचं काम आप्पा दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. वेळ चुकली की दांडा तयार.

मग साखळीच्या पुलीनं डबा वर यायचा. साध्या पाण्यात बुचकळला की लादी कडेनं सुटायची, डबा आडवा केला की सर्रकन बाहेर. भुसा, गोणपाट, टोचा घेऊन माणसं तयारच असायची. पण त्यांनी लादीला हात लावायच्या आधी आप्पा मला तिच्यावर कान टेकायला लावायचे. आतून तडतड ऐकू यायची. "हवा बोलतीया बघ," म्हणायचे. आज्जी लांबूनच ओरडायची, "पोरीचा कान गोठंल, सोड तिला!"

माझी सगळी गोष्ट या एका जागेतून निघाली आहे.

गोष्टीत सई आणि विठू हे बहीणभाऊ आहेत. त्यांची आज्जी कारखान्यात जेवणाचा डबा घेऊन जायची आणि हौदाच्या कडेला उभी राहून हाक मारायची. एकदा ती हाक एका डब्यात पडली. पाणी कडेनं गोठत आलं, हाक मध्याकडं ढकलली गेली आणि पांढऱ्या दांड्यात अडकून बसली. ती लादी मासळीच्या गाडीतून गोव्याला गेली, तिथून जहाजावर चढली आणि जगाच्या तळाशी गोठणगावात जाऊन पोचली. पुढं आज्जी वारली. घरात तिचा फोटो आहे, लुगडं आहे, आवाज नाही. म्हणून सई आणि विठू हौदाचं शेवटचं झाकण उचलून आत उतरतात. मिठाचं पाणी त्यांना ओलं करत नाही. ते थेट गोठणगावच्या वेशीवर निघतात, आज्जीची लादी शोधायला.

जादू एवढीच. हौदाचं झाकण, बर्फात अडकलेली हाक आणि एक बोलणारा पेंग्विन. बाकी गोठणगावात सगळं खऱ्या बर्फाच्या नियमानं चालतं. यावर मी ठाम आहे. मुलांना बोलणारा पेंग्विन चालतो, त्याबद्दल कुणीही एक प्रश्न विचारला नाही. पण त्याच पेंग्विनाशेजारी मी पांढरं अस्वल उभं केलं असतं तर पाचवीतल्या पोरांनी तिथंच गोष्ट थांबवली असती. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला, हे त्यांना ठाऊक आहे. एकदा दक्षिण ठरली की दक्षिणेचं सगळं पाळायचं. अस्वल येणार नाही म्हटल्यावर दोघं-तिघं रुसले, पण त्यांनी ते मान्य केलं. काल्पनिक गोष्टीत मुलं खोटं शोधत नाहीत, फसवणूक शोधतात, आणि ती त्यांना बरोबर सापडते.

आमचा पावसाळा मला इथं फार उपयोगी पडला. अंटार्क्टिकावर आपल्या जून-जुलैत ऐन हिवाळा असतो. भारताचं मैत्री हे संशोधन स्थानक जिथं आहे तिथं या दिवसांत सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. जगातलं सर्वांत थंड तापमान, शून्याखाली ८९.२ अंश, रशियाच्या व्होस्तोक स्थानकावर मोजलं गेलं तेही जुलैतच, १९८३ मध्ये. आमच्या खिडकीबाहेर भर दुपारी अंधारलेलं असताना मी सांगायची की आत्ता तिकडंही अंधारच आहे. पोरं खिडकीकडं बघायची आणि जवळ सरकायची.

"पण बाई, असं गाव खरंच हाय काय?" हा प्रश्न येणारच होता. मी त्यांना वास्कोची गाडी दाखवली. म्हणजे नकाशावर. खानापूरवरून जी रेल्वे जाते ती लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत वास्कोला पोचते. शेजारीच मुरगावचं बंदर. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याच्या किनाऱ्यावरून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. सय्यद झहूर कासिम हे तिचे नेते. ९ जानेवारी १९८२ ला ते लोक तिथं बर्फावर उतरले. आजही या सगळ्या मोहिमांची आखणी करणारी राष्ट्रीय संस्था वास्कोतच आहे. आमच्या निम्म्या वर्गाचे काका, मामा, मावश्या गोव्यात कामाला असतात. आपल्याच रुळाच्या टोकाला गोठणगावचं बंदर आहे, हे कळल्यावर वर्गात जो गलका झाला तो पत्र्यावरच्या पावसालाही ऐकला नाही.

त्यातूनच गोठणगावची रचना ठरली. भारतानं तिथं पहिलं स्थानक बांधलं ते दक्षिण गंगोत्री. ते बर्फावरच उभं होतं. वर्षानुवर्षं हिम साठत गेलं, घर हळूहळू गाडलं गेलं आणि १९९० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. त्याआधी १९८९ मध्ये मैत्री उभं राहिलं, ते उघड्या खडकावर. तेव्हा आमच्या गोठणगावातही दोन वस्त्या आहेत. जुनं गाव बर्फाखाली, नवं गाव खडकावर. जुन्या गावात उतरायला शिडी लागते आणि तिथल्या घरांची दारं आता छतातून उघडतात. आज्जीची लादी अर्थातच जुन्या गावात आहे.

नव्या गावासमोर तळं आहे, मैत्रीसमोर प्रियदर्शिनी तळं आहे तसं. वरून गोठलेलं, खाली पाणी. इथं मी गोष्ट थांबवून वर्गाला एक प्रश्न टाकला. बर्फ पाण्यात बुडत असता तर काय झालं असतं? कुणीतरी म्हणालं, सरबतात खाली बसला असता. बरोबर. आणि तळ्यात? पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. बर्फ बुडला असता तर तळं तळापासून गोठत आलं असतं आणि आतलं काहीच जगलं नसतं. वर तरंगणारा बर्फ हे तळ्याचं पांघरूण आहे. चौथीतली एक मुलगी, एरवी जी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "म्हंजे बर्फच त्यांना थंडीपासनं राखतोय?" व्हय. तेच मला सांगायचं होतं आणि ते तिनं माझ्याआधी सांगितलं.

तिथल्या समुद्रात एका जातीच्या माशांचं रक्त बिनरंगाचं असतं, त्यात आपल्यासारखा लाल भाग नसतोच, हे मी सांगितलं तेव्हा पोरांना ते मी रचलंय असं वाटलं. पेंग्विन बोलतो यावर विश्वास आणि माशाच्या रक्तावर शंका!

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि आमच्या भागात फौजेत कुणी नाही असं घर शोधावं लागेल. एका मुलाचे आजोबा सियाचीनला राहून आले आहेत. मी त्यांना वर्गात बोलावलं. ताठ बसले, चहा नको म्हणाले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "पोरांनो, बर्फ वाईट नव्हं. बर्फाला न विचारता चाललं की वाईट." त्यांनी सांगितलं की तिथं संत्रं हातोडीनं फोडावं लागतं, उघड्या हातानं लोखंडाला हात लावला की कातडी चिकटून निघते, आणि हिमाखाली भेगा असतात, वरून दिसत नाहीत. म्हणून सगळे एकाच दोराला बांधून चालतात.

मग त्यांनी गोठ्यातून कासरा मागवला. चार पोरांना कमरेला गाठ मारून व्हरांड्यात उभं केलं, मध्ये अंतर ठेवून, दोर सैल नाही आणि ताणलेलाही नाही असा. "पुढचा पडला तर काय करशील?" त्यांनी तिसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, धावत जाऊन धरीन. "मग तूबी जाशील आणि मागच्यालाबी नेशील. धावायचं नाही. तिथल्या तिथं बसायचं, टाचा रोवायच्या, मागं रेलायचं." त्यांनी पुढच्या पोराला व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उडी मारायला लावली. मागचे तिघं धप्पकन बसले. दोर ताणला आणि पोरगं पायरीवरच थांबलं. वर्ग ओरडला. आजोबांनी गाठ सोडवत एवढंच म्हटलं, "माझ्यावेळी सात होतो." पुढं काही विचारायचं धाडस कुणाला झालं नाही, मलाही नाही.

सई आणि विठू तेव्हापासून कासऱ्यानं बांधलेलेच चालतात. त्यांच्या अंगावर घोंगडीची खोळ आहे, फडक्यात नाचण्याची भाकरी आणि गूळ आहे. पेंगूमामा पुढं. पेंगूमामा एम्परर पेंग्विन आहे. त्याच्या जातीत बाप ऐन हिवाळ्यात अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, दोन महिन्यांहून अधिक काळ काही न खाता उभा राहतो. शेकड्यांनी बाप दाटीनं एकमेकांना चिकटून उभे असतात, आणि बाहेरचे हळूहळू आत, आतले बाहेर असे सरकत राहतात. मी हे सांगत होते तेव्हा पोरं माझ्याभोवती तशीच बसली होती. कडेच्या दोघांनी लगेच मध्ये घुसायचा प्रयत्न केला आणि मधल्यांना खरोखर सरकावं लागलं.

गोठणगावात टपालही आहे, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. जपानमधले उकिचिरो नाकाया नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा हिमाचा स्फटिक तयार केला, सशाच्या केसाच्या टोकावर. स्फटिकाचा आकार तो ज्या हवेत वाढतो तिच्यावर ठरतो, किती थंड आणि किती दमट यावर. शून्याखाली पाच अंशांच्या आसपास सुया होतात, पंधराच्या आसपास सहा फांद्यांच्या चांदण्या. म्हणजे जमिनीवर पडलेल्या कणाचा आकार पाहून वर आभाळात काय चाललंय ते वाचता येतं. हिम म्हणजे आकाशानं धाडलेलं पत्र, असं नाकाया म्हणत. तेव्हा गोठणगावचा पोस्टमन काय करतो? काळ्या लोकरीच्या तुकड्यावर एक एक कण झेलतो, भिंगातून बघतो आणि गावाला वाचून दाखवतो. "सुया आल्यात. वर गारवा कमी, ओल जास्त. बाहेर पडू नका." विठूच्या खोळीवर पडलेली चांदणी वाचूनच त्यांना जुन्या गावाची वाट कोणत्या दिवशी मोकळी असेल ते कळतं.

मुलांनी घरून काळी कापडं आणली. हिम नाही म्हणून खिडकीतून हात काढून पावसाचे थेंब झेलले आणि वाचले. काय वाचलं ते त्यांनाच माहीत. मी मध्ये पडले नाही.

आता शेवट.

सई-विठू जुन्या गावात उतरतात. हजारो लाद्या रचलेल्या आहेत. कान लावत लावत विठू एकीपाशी थांबतो. आत तडतड, आणि तडतडीच्या मागं आज्जी. शब्द कळत नाहीत, पण आवाज तिचाच. आवाज ऐकायचा तर बर्फ वितळायला हवा, हवा मोकळी व्हायला हवी. अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फाचा तुकडा पाण्यात टाकला की खरंच तडतडतो. हिम साठताना दाबलेली जुनी हवा फुटून बाहेर पडते.

विठू म्हणतो, "शेकोटी पेटवूया." आणि इथं माझ्या वर्गाचे दोन तट पडले.

एक तट विठूचा. नुसती लादी कशाला, सगळं गोठणगावच वितळू दे, म्हणजे सगळ्यांचे अडकलेले आवाज सुटतील, ऊन पडेल, सगळे नाचतील. बघा, तो शेवट मुलांच्या डोक्यात किती घट्ट बसलाय. मी विरोध केला नाही. मी फक्त एक आकडा सांगितला. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. माझ्या मागं भिंत आहे, तिच्यावर शाळेचा पत्रा आहे, शेजारी जांभळाचं झाड आहे, त्याच्याहून कितीतरी उंच.

क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, "आपण वाचतोय की बाई. आपण घाटावर."

"आणि माझी वास्कोची मावशी?" चौथीतली तीच मुलगी.

ती मावशी मला हवी होती आणि मी ती आणलेली नव्हती. तिथून पुढं गोठणगाव वितळवायचं नाही हे वर्गानंच ठरवलं. पोरं एकापाठोपाठ एक यादी करायला लागली. पेंगूमामाचं अंडं कुठं ठेवायचं. तळ्याचं पांघरूण गेल्यावर मासे. पोस्टमनला पत्रं कुठून येणार. मासळी बाजार. बंदर. एका पोरानं बिनरंगाच्या रक्ताच्या माशांची बाजू इतक्या तळमळीनं मांडली, की मला त्याला पाणी प्यायला पाठवावं लागलं.

पण लादी? एकच लादी वितळवायला काय हरकत, असं काहींचं म्हणणं. एकदा वितळली की आवाज एकदाच ऐकू येणार, मग संपला, म्हणून कानच लावून बसूया, असं बाकीच्यांचं. हा वाद मी सोडवू शकत नव्हते. खरं सांगायचं तर दोन्हीकडचं म्हणणं मला पटत होतं, कारण माझ्या आज्जीची एकही ध्वनिफीत घरात नाही. मधली सुट्टी झाली, वाद चालूच. भात खाताना चालू, हात धुताना चालू.

सुट्टी संपता संपता पाचवीतला एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. बापाबरोबर बोअरवेलच्या गाडीवर जाऊन आलेला पोरगा, वहीपेक्षा पान्यात जास्त रमणारा. म्हणाला, "बाई, सगळी लादी कशाला वितळायची? तुमचे आप्पा नळी घालून मधलं काढत होते की. तसं मधनं पाईप घालायचा. पांढरं तेवढं काढायचं. लादी ऱ्हाती."

मी खुर्चीवरून उठलेच. त्याला सांगितलं की अंटार्क्टिकावर शास्त्रज्ञ अगदी हेच करतात. पोकळ नळीच्या यंत्रानं बर्फात खोल भोक पाडून बर्फाचा लांब दांडा वर काढतात. त्यातल्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षांहूनही जुनी हवा सापडली आहे, आणि त्या काळी हवेत काय काय होतं ते त्यावरून मोजलंय. बाकीचा बर्फ जागच्या जागी. तो मुलगा मान हलवत म्हणाला, "मग बोअरच की."

तर गोष्ट अशी पुढं जाते. सई कासऱ्याला गाठ मारून टाचा रोवून बसते. विठू नळी धरतो. पेंगूमामा नळी फिरवतो, चोचीनं, असं धाकट्यांनी ठरवलंय. पांढऱ्या दांड्याचा बोटभर तुकडा निघतो. उरलेली लादी रांगेत परत, भोक हिमानं बुजवून, पुढं कधी पुन्हा यावंसं वाटलं तर. तुकडा आज्जीच्याच तांब्यात, कोमट पाण्यात टाकायचा. तडतड सुरू.

आज्जी काय म्हणते ते मी लिहिणार नाही असं मुलांना सांगितलंय. प्रत्येकानं घरी जाऊन आपल्या आज्जीचं, नसेल तर घरातल्या मोठ्या बाईचं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून आणायचं, जसंच्या तसं, शुद्धलेखनाची काळजी न करता. चिठ्ठ्या आल्या आहेत. "शेंबूड पूस आधी." "गाडी आली काय बघ." "भाकरी थंड झाली तर मला सांगू नगो." एकीत नुसतं "हूं" आहे, आणि ज्यानं ते आणलं तो म्हणतो की आज्जी एवढंच बोलते, पण प्रत्येक वेळी वेगळं. एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात. तिच्या चिठ्ठीवर देवनागरीत लिहिलंय, "ऊटा माडु बा." जेवायला ये.

पोरांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचून हीच निवडली आहे. त्यांचं म्हणणं, डबा घेऊन आलेली आज्जी दुसरं काय ओरडणार? मला मान्य आहे. फक्त सई-विठूच्या आज्जीचं माहेर मग खाली धारवाडकडं ठेवावं लागेल, आणि ते पहिल्याच भागात, हौदाच्या झाकणाआधी कुठंतरी सांगून टाकायला हवं. शनिवारच्या आत ते पान पुन्हा लिहिते.